प्रसंगांची वाटणी

"तुमची ताकद काय?" रुबिनानं विचारलं.

"पन्नास किलोचं पोतं अजून उचलतो," नाना म्हणाले.

"तसली ताकद नव्हे हो नाना. कामात तुम्ही कशात चांगले आहात?"

"चांगला नसतो तर इतकी वर्षं ठेवलं असतं का?"

"बरं. पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं बघता?"

"असलो तर इथंच की. नसलो तर घाटावर."

रुबिनानं कपाळाला हात लावला. शौकत मात्र लेकीकडं कौतुकानं बघत होता. पोरगी पुण्यात एका कंपनीत माणसं निवडायच्या खात्यात होती, चार दिवसांच्या सुट्टीवर आली होती, आणि ती सुट्टी आम्ही तिघे म्हातारे खात होतो. तसं म्हातारं म्हणावं असं वय एकट्या नानांचं. पण नोकरी गेली की माणूस एका रात्रीत म्हातारा होतो, हे मी स्वतःच्या अंगावर बघितलंय.

आमचं दुधाचं शीतकरण केंद्र मागच्या दिवाळीला बंद पडलं. गावोगावचं दूध आमच्याकडं यायचं, आम्ही ते थंड करून टँकरनं पुढं धाडायचो. हिंदुराव खराडे, म्हणजे आमचे नाना, आणि मी कॉम्प्रेसरच्या खोलीत असायचो, अमोनिया वायूवर चालणारं थंडीचं मशिन सांभाळायला. शौकत मुलाणी दूध तपासायचा. दूध संघ बुडाला, केंद्राला कुलूप लागलं, आणि आम्ही रस्त्यावर आलो. मी एका मंगल कार्यालयात राखणीला बसायला लागलो. लोकांच्या लग्नात जेवायला मिळायचं, पण घास उतरायचा नाही. शौकत मेव्हण्याच्या चिकनच्या दुकानात उभा राहायचा. नानांचं सगळ्यांत वाईट झालं. केंद्राच्या खोलीतच बिऱ्हाड होतं, तेही गेलं. नवरा-बायको दोघं कराडला लेकीकडं जाऊन राहिली. जावई भला माणूस. पण जावयाच्या दारात राहणं म्हणजे काय, ते आपल्याकडं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. नाना तिथं दुसऱ्यांदा भाजी मागत नाहीत, असं त्यांच्या बायकोनं शालनला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलं होतं.

अशात शिरवळकडच्या एका आइस्क्रीमच्या कंपनीत शिफ्ट इनचार्जची एक जागा निघाली. दुधावर आणि अमोनियावर काम केलेला माणूस हवा होता. तिघांचेही अर्ज रुबिनानंच भरले आणि तिघांनाही मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलाखत कशाशी खातात हे आम्हाला ठाऊक नव्हतं. मला नोकरी लागली तेव्हा संचालकांनी एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं होतं आणि म्हणाले होते, "शेडग्यांचा का तू? उद्यापासून ये." झाली मुलाखत.

"हे बघा," रुबिना म्हणाली, "ते विचारणार, एखादा अवघड प्रसंग सांगा. तेव्हा गडबडायचं नाही. चार पायऱ्यांत सांगायचं. प्रसंग काय होता, तुमच्यावर जबाबदारी काय होती, तुम्ही स्वतः काय केलंत, आणि शेवटी काय झालं. 'सगळं बरं झालं' असं गुळमुळीत संपवायचं नाही. किती दूध वाचलं, किती माणसं वाचली, ते सांगायचं. आणि दोन मिनिटांत. अब्बा, तुम्ही सुरू करा."

शौकतनं घसा खाकरला आणि आपल्या आज्याकडं किती म्हशी होत्या तिथपासून धरलं.

"अब्बा, दोन मिनिटं झाली. तुम्ही अजून नोकरीलाच लागला नाहीत."

हसलो आम्ही. बऱ्याच दिवसांनी हसलो. पण दुसऱ्या फेरीत खरी अडचण निघाली. शौकतनं प्रसंग सांगितला, तो अमोनिया सुटल्याच्या दिवसाचा. नानांनी सांगितला, तोही अमोनियाच्याच दिवसाचा. मी तोंड उघडलं तर माझ्याही तोंडात तोच. दुसरं काय सांगणार? आमच्या केंद्रात एवढा एकच दिवस घडला होता. बाकी सगळे दिवस दुधासारखे सारखे.

"नाना, तुम्ही म्हणालात, 'अमोनिया थांबवला.' थांबवला कुणी?" रुबिनानं विचारलं.

नाना खाली बघत म्हणाले, "जालिंदरनं."

जालिंदर म्हणजे मी. ते खरं होतं. ऐन उन्हाळ्यातली भरदुपार, एका पाइपचा जोड सुटला आणि खोली पांढरी धूर झाली. डोळे उघडवेनात, श्वास घेतला की छातीत कुणी सुरी फिरवतंय असं व्हायचं. शौकतनं कॅन धुणाऱ्या बायांना बाहेर काढलं. मी टॉवेल भिजवून तोंडाला गुंडाळला आणि रांगत आत जाऊन मुख्य व्हॉल्व बंद केला. किंग व्हॉल्व म्हणतात त्याला. त्यात शौर्यबिर्य काही नव्हतं. तो व्हॉल्व मी रोज पुसायचो, डोळे मिटूनही हात तिथंच जायचा. पुढं चार दिवस मी खोकत पडलो होतो आणि शालन मला शिव्या घालत हळद-दूध पाजत होती.

"मग एकच गोष्ट तिघांनी सांगून कसं चालेल?" रुबिना म्हणाली. "तिघेही खोटे ठरतील. प्रत्येकाचा प्रसंग वेगळा पाहिजे."

नाना एकदम खुलले. वाटणीच्या कामात नाना तरबेज. भावकीत कुठं जमिनीचं, भांड्यांचं वाटप असलं की त्यांना बोलावणं यायचं. ते मांडी ठोकून बसले आणि शौकतच्या अंगणातले तीन खडे उचलून त्यांनी पुढ्यात मांडले.

"हा अमोनिया. हे संचालकाच्या साडूचं भेसळीचं दूध शौकतनं परत धाडलं ते. आणि हा जनरेटर बंद पडला, तेव्हा मी आणि जालिंदरनं रातोरात दूध दुसऱ्या केंद्रात हलवलं, तो. रीत ठाऊक आहे ना? थोरल्यानं वाटे करायचे, धाकट्यानं आधी उचलायचं. उचल जालिंदर."

रीतच तशी आहे. वाटे करणाऱ्याच्या मनात पाप येऊ नये म्हणून धाकट्याला पहिली उचल. नानांनी अमोनियाचा खडा माझ्या अंगाला सरकवून ठेवला होता, तेही मला दिसलं. आणि त्यांच्या सदऱ्याची कॉलर दिसली, उलटी करून पुन्हा शिवलेली. नानांच्या बायकोनं लेकीच्या मशिनवर शिवली असणार. माझ्या मनात काय आलं कुणास ठाऊक. एवढंच वाटलं, मला अजून कुठंतरी काहीतरी मिळेल. या माणसाला आता परत कोण बोलावणार?

"मला जनरेटर," मी म्हणालो आणि खडा उचलला.

"अरे, जनरेटर काय? तुझा अमोनिया..."

"धाकट्यानं आधी उचलायचं. मी उचललं. वाटणी झाल्यावर कुरकुर करायची नसते, हे तुम्हीच सांगत फिरता ना भावकीत?"

शौकतनं आपला साडूचा खडा घेतला. नानांच्या पुढ्यात अमोनिया उरला.

रुबिनाला हे पटलं नाही. "काका, ऐका माझं," ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "पहिल्या प्रश्नाचं उत्तर पाठ करता येतं. दुसऱ्या प्रश्नाला माणूस उघडा पडतो."

"मी शिकवतो त्यांना सगळं. बारीकसारीक."

"आणि तुम्ही? तुमचं काय?"

"माझा जनरेटर आहे की."

घरी शालनला सांगितलं, तर तिनं भाकरी ताटात टाकली ती वाजली. "पोटाला चिमटा काढून मी लोकांची ब्लाउजं शिवतेय," ती म्हणाली, "आणि तुम्ही कर्ण व्हायला निघालाय. सगळ्या जन्मात मागच्या पंगतीला बसलात. या खेपेला तरी आधी आपल्या ताटात वाढून घ्यायचं होतं." ती चूक बोलत नव्हती.

पुढचे दोन दिवस मी नानांकडून घोकून घेतलं. वारा कुठल्या बाजूनं होता, टॉवेल कुठल्या नळावर भिजवला, दारातून किती पावलं आत, व्हॉल्वचं चाक कुणीकडं फिरतं. नाना शाळकरी पोरासारखे म्हणून दाखवायचे आणि मधेच थांबायचे.

"मी तर पळालो होतो रे. गेटच्याही पलीकडं."

"सगळेच पळाले होते, नाना."

"तू नव्हतास पळाला."

"आता तुम्ही पळाला नव्हता. व्हॉल्व तुम्ही बंद केला. म्हणा."

"व्हॉल्व मी बंद केला," नाना म्हणायचे आणि तोंड पुसायचे.

मुलाखतीच्या दिवशी आम्ही एसटीनं गेलो. नानांनी जावयाचा सदरा घातला होता. खांद्यात सैल, पण पांढराशुभ्र. कंपनी कसली, महालच होता. फरशीवर पाय ठेवायची लाज वाटावी. आम्हाला एका काचेच्या खोलीत बसवलं. आत जायचं दार एक, बाहेर पडायचं दुसरंच, कँटीनच्या अंगाला. त्यामुळं आत गेलेला माणूस परत दिसायचा नाही. आधी शौकत गेला. मग नाना. उठताना त्यांनी माझा गुडघा दाबला.

नाना आत बराच वेळ होते. मी मनात म्हणालो, चला, रंगलेलं दिसतंय. बरं वाटलं आणि आपली जागा गेली असंही वाटलं. दोन्ही एकदमच झालं.

मग माझं नाव पुकारलं. आत टेबलामागं एक बाई होत्या आणि रणनवरे म्हणून प्लँटचे मॅनेजर. साठीकडं झुकलेला माणूस, हातावर भाजल्याचे जुने डाग. म्हणजे ऑफिसात वाढलेला साहेब नव्हता, मशिनजवळून आलेला होता. दोघेही माझ्याकडं असं बघत होते की जणू माझी वाटच बघत होते. मॅडम तर हसल्या. मला वाटलं, सगळ्यांनाच हसत असतील.

"बसा शेडगे. पाणी घ्या," रणनवरे म्हणाले. "एखादा अवघड प्रसंग सांगा."

मी जनरेटरचा सांगितला. चार पायऱ्यांत, रुबिनानं सांगितलं तसा. किती दूध वाचलं तेही सांगितलं. दोघांनी ऐकून घेतलं, पण त्यांचं लक्ष त्यात नव्हतं.

"छान. आणखी काही? याहून अवघड?"

"नाही साहेब."

"तुमच्याकडं एकदा अमोनिया सुटला होता, असं ऐकलं."

"हो साहेब, सुटला होता."

"व्हॉल्व कुणी बंद केला?"

माझी तयारी होती. प्रश्न येणार हे गृहीतच होतं. "खराड्यांनी," मी म्हणालो. "हिंदुराव खराडे. आत्ता येऊन गेले ते."

मॅडमचं हसू गेलं. रणनवरे जरा पुढं झुकले.

"नीट आठवून सांगा. घाई नाही."

"आठवतंय साहेब. खराडेच आत गेले. टॉवेल भिजवून."

"आणि तुम्ही कुठं होता?"

"मी पळालो होतो. गेटच्याही पलीकडं."

रणनवरेंनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. त्या माणसाचा चेहरा अचानक फार थकलेला दिसला.

"शेडगे, खराड्यांना मी एकच विचारलं. व्हॉल्व बंद करताना कॉम्प्रेसर चालू ठेवलात की बंद केलात? त्यांना सांगता येईना."

बाकी सगळं शिकवलं होतं, हे राहिलं होतं. कॉम्प्रेसर चालू ठेवायचा असतो, म्हणजे पाइपातला गॅस तो मागं ओढून घेतो. ते मी तेव्हाही विचार करून केलं नव्हतं, म्हणून सांगायचंही सुचलं नाही.

"मी म्हणालो, असू दे, दुसरं विचारतो," रणनवरे सांगत होते. "तर ते उठून उभे राहिले. हात जोडले. म्हणाले, 'साहेब, मी खोटं बोललो. मी पळालो होतो. आत गेला तो जालिंदर शेडगे. बाहेर बसलाय. तो स्वतःहून सांगायचा नाही, तुम्ही त्याला विचारा. जागा त्याला द्या.' रडत होते."

मी हातातला पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवला.

"जागा तुम्हालाच द्यायची, असं ठरवूनच आम्ही तुम्हाला आत बोलावलं," मॅडम म्हणाल्या. "एवढंच तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

"खराडे खरं बोलले," मी म्हणालो. माझाच आवाज मला परका वाटला.

"मग तुम्ही आत्ता दोनदा जे सांगितलंत ते?"

"वाटणी झाली होती, साहेब."

"कसली वाटणी?"

सांगितली. तीन खडे, थोरल्यानं वाटे करायचे, धाकट्यानं आधी उचलायचं, सगळं. मॅडमना हसू आवरेना आणि त्यांचे डोळेही भरले. रणनवरे हसले नाहीत. त्यांनी खिडकीतून बाहेर प्लँटकडं बघितलं.

"माणूस म्हणून तुम्ही मोठे आहात," ते म्हणाले. "पण आमच्याकडं शिफ्ट बदलताना जाणारा येणाऱ्याला तोंडानं सांगून जातो, अमुक व्हॉल्व बंद आहे. त्या शब्दावर दुसरा माणूस पाइप उघडतो. उद्या तुमच्या एखाद्या दोस्ताकडून व्हॉल्व उघडा राहिला, तर त्याला सांभाळून घ्यायला तुम्ही 'बंद आहे' म्हणाल. म्हणाल ना?"

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण आत्ताच दोनदा बोललो होतो त्याच तोंडानं काय सांगणार?

"या तुम्ही," ते म्हणाले. उठून त्यांनी हात मिळवला, अगदी घट्ट. त्यांचं चुकलं असं मी तेव्हाही म्हणालो नाही, आजही म्हणत नाही. आज मी तासगावला द्राक्षांच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये आहे, आणि शिफ्ट बदलताना पोरांना मी त्यांचंच वाक्य ऐकवतो.

फाट्यावरच्या चहाच्या टपरीत नाना बसले होते. शौकत गाडीची चौकशी करायला गेला होता. मला बघून नाना बाकावरून उठलेच. सकाळपासून जो माणूस मेल्यागत होता, त्याच्या तोंडावर लग्नघरच्या यजमानासारखा आनंद.

"झालं ना?" त्यांनी माझे दोन्ही दंड धरले. "घेतलं ना तुला? मी सांगितलंय त्यांना सगळं. माझ्याच्यानं नाही झालं रे ते. त्या साहेबानं एक विचारलं आणि मला वाटलं, छ्या, आपण काय करतोय हे? सांगून टाकलं. लई हलकं वाटलं बघ. तुला विचारलं असेल ना त्यांनी?"

"विचारलं."

"मग? बोल की! दोन चहा टाक रे बाबा, पेशल!"

"कळवतो म्हणाले."

"कळवतो? अरे, त्या बाई तर मला म्हणाल्या, काळजी करू नका. तू सांगितलंस ना, आत तूच गेला होतास म्हणून?"

खोटं बोलायची ताकद आता अंगात उरली नव्हती. एका दिवसात माणसानं बोलावं तरी किती?

"मी सांगितलं, तुम्ही गेला होता."

नानांचे हात माझ्या दंडांवरून सुटले.

"काय म्हणालास?"

"ठरलं होतं ना आपलं. मला काय माहीत, तुम्ही आत जाऊन असं काही कराल? मी म्हणालो, खराड्यांनी बंद केला, मी पळालो. दोनदा म्हणालो. मग त्यांनी सांगितलं. नाही घेत म्हणाले, नाना. खोटं बोलणारा माणूस त्यांना चालत नाही."

मला वाटलं, ते रडतील. नाहीतर हसतील, पाठीवर थाप मारतील, म्हणतील, जाऊ दे लेका, दोघेही गाढव. मी त्याचीच वाट बघत होतो. थोडं सुखावलोही होतो मी मनातल्या मनात, खोटं कशाला सांगू. त्यांच्यासाठी मी एवढं केलं, हे आता त्यांना कळलं होतं.

चहावाल्यानं दोन ग्लास आणून ठेवले. नानांनी त्याला हात लावला नाही.

"तुला कोण म्हणालं होतं?" ते हळू म्हणाले. "आं? कोण म्हणालं होतं तुला?"

"नाना, तुमच्यासाठीच..."

"माझ्यासाठी!" ते एवढ्या मोठ्यानं ओरडले की टपरीतली माणसं वळली. "जेवतो ते जावई देतो. घालतो तो सदरा जावयाचा. प्रसंग दिलास तो तुझा. जो उठतोय तो मला देतोय. कुणाला काही द्यावं असं माझ्याजवळ काही उरलं होतं का रे? आज उभ्या जन्मात एकदा हात जोडून खरं बोललो. तुला द्यायला तेवढंच होतं माझ्याकडं. तेसुद्धा घेतलं नाहीस तू."

रुबिनानं चार पायऱ्या शिकवल्या होत्या, त्यातल्या एकीवरही पाय ठरेना.

शौकत धावत आला, म्हणाला, सातारा गाडी आली. गाडी जवळजवळ रिकामीच होती. मी मागच्या एका बाकावर खिडकीशी सरकून जागा केली. नाना माझ्याकडं न बघता पुढं गेले आणि ड्रायव्हरच्या मागं एकटेच बसले.